दंडातल्या दोन बलिया

भिकाबाई पडली ती शेळीच्या दाव्यात पाय अडकून. अंगणातल्या दगडी डोणीवर उजवा कोपर असा आपटला, की आत काहीतरी कट्‌कन मोडल्याचं तिचं तिलाच ऐकू आलं. पण पडल्या पडल्या तिनं पहिलं काम काय केलं, तर डाव्या हातानं उजवा हात चाचपला. मनगटापासून काखेपर्यंत सगळ्या बलिया, म्हणजे चुड्याच्या पांढऱ्या रुंद बांगड्या, जागच्या जागी होत्या. एकही फुटली नव्हती. मग कुठं ती विव्हळली.

सून शिला पिठाच्या हातानंच बाहेर धावली. "काय झालं याडी?" घरात सगळे भिकाबाईला याडीच म्हणत, म्हणजे आई.

"बलिया शाबूत हायत," भिकाबाई म्हणाली.

"अन् हात?"

हात मात्र शाबूत नव्हता. कोपरापाशी तो भलत्याच बाजूला वळला होता.

आखाडा बाळापूरपासून आडरस्त्याला कोसभर आत असलेल्या त्या तांड्यात असा हातभर चुडा घालणारी भिकाबाई आता एकटीच उरली होती. बाकीच्या बायांनी केव्हाच साड्या धरल्या, हातात काचेच्या चार-चार बांगड्या घातल्या. भिकाबाई अजून आरशांची काचळी, म्हणजे चोळी, आणि घागऱ्यासारखा घेरदार फेटिया घालूनच बाजाराला जाई. कोपराच्या खालच्या बलिया नुसत्या हौसेच्या, त्या कुणीही घालाव्यात. कोपराच्या वरच्या मात्र नवऱ्याच्या नावाच्या. नवरा गेला की त्या उतरायच्या, एरवी कधीच नाही.

तिच्या बहुतेक बलिया प्लास्टिकच्या होत्या. ती पोरगी होती तेव्हा हाडाच्या मिळत. हाडाच्या बंद झाल्या तशा प्लास्टिकच्या आल्या. पण उजव्या दंडात सगळ्यात वर, काखेपाशी, दोन जुन्या हस्तिदंती बलिया होत्या. पन्नास वर्षांपूर्वी लग्नात सासूनं आपल्या पेटीतून काढून त्या तिच्या हातात चढवल्या होत्या. पांढऱ्यावर मधाची झाक आलेली, आणि सगळ्या वळशावर कोरलेली नक्षी : ठिपका, भोवती गोल, पुन्हा ठिपका, भोवती गोल. कोरलेल्या जागी लाख भरलेली, एक तांबडा, एक काळा.

गेल्या वर्षी संगिता नावाची एक पोरगी शहरातल्या कलेच्या कॉलेजातून तांड्यात आली होती. तिला दागिन्यांचा आणि नक्षीचा इतिहास लिहायचा होता. दोन दिवस ती भिकाबाईच्या ओसरीत बसून नक्षी उतरवून घेत होती. "आजी, हा ठिपका-गोल फार जुना आहे. जुन्या गावांच्या पांढरीची टेकाडं खणताना हाडाच्या फण्या सापडतात, त्यांच्यावर हाच असतो," असं तिनं सांगितलं. मोबाइलमध्ये तिनं एक बोटभर कांस्याची बाहुलीपण दाखवली. चार हजार वर्षांपूर्वीची, खांद्यापर्यंत बांगड्या भरलेली.

भिकाबाईनं मोबाइल डोळ्यांशी धरला. "एकच हात भरलेला हाय. दुसऱ्यात चारच. काहून?"

"ते कुणालाच माहीत नाही," संगिता म्हणाली.

मग तिनं दंडातल्या वरच्या दोन बलियांना बोट लावलं आणि तिचा चेहराच बदलला. "आजी, हे प्लास्टिक नाही. हस्तिदंत आहे. ह्याचा काही कागद आहे?" कागद कुठला असायला! तेव्हा तिनं शिलाला बाजूला घेऊन सांगितलं, की ह्याच्यावर बंदी आहे, बिनकागदाचं जवळ ठेवलं तर अडचण होऊ शकते. मी फोटो कुठं छापणार नाही, तुम्हीही कुणाला दाखवू नका. तेव्हापासून शिलाला धास्ती बसली. बाजारात कुणी खाकीवाला दिसला, की ती मागून येऊन सासूची ओढणी दंडावर ओढायची.

आणि आता हा हात मोडला, तो कोणत्या दिवशी? भिकाबाईचा नवरा भीमसिंग छातीत कळ येते म्हणून तीन दिवसांपासून नांदेडच्या दवाखान्यात पडून होता. मुलगा दिपक त्याच्यापाशी होता. आज दुपारी म्हाताऱ्याच्या काळजात तार घालून बघणार होते, आणि नळी बंद निघाली तर तिथल्या तिथं स्प्रिंग बसवणार होते. पहाटे दिपकचा तसा फोन येऊन गेला होता.

"दवाखान्यात जावं लागतं याडी," शिला म्हणाली.

"दवाखान्यात गेलं की ते आधी बलिया काढा म्हनतील."

"म्हनतील."

"अन् आज? दिपकचा बा तिकडं मशीनवर निजला असताना मी हिकडं चुडा उतरवू?"

 शिलाच्या मनात दुसरीच धाकधूक होती. तिकडं कुणी विचारलं, हे कुठून आणलं म्हणून, तर? सोयाबीन सोंगायचे दिवस. तांड्यात विचारायला पुरुषमाणूस नाही, सगळे रानात. मग त्या दोघींनी, भिणाऱ्या माणसांनी करावं तेच केलं. उशीर केला.

शिलानं हाताला साबण चोळला, तेल चोळलं. खालच्या दोन-चार बलिया निघाल्या, पण पुढं हात सुजत चालला. हळदीचा लेप झाला. शेजारची सखुबाई डोकावून "गार पानी टाका" म्हणाली, तेही झालं. सखुबाईला बघून भिकाबाईनं मान फिरवली. दोन वर्षांपूर्वी सखुबाईचा नवरा लालसिंग गेला, तेव्हा तिच्या बलिया निघेनात म्हणून बायांनी पाट्यावर हात ठेवून वरवंट्यानं फोडल्या होत्या. सखुबाई रडत नव्हती; ती नुसती डोळे फाडून वरवंट्याकडं बघत होती. तो टक्‌ टक्‌ आवाज भिकाबाईच्या कानातून अजून गेला नव्हता.

दहा वाजता शिलानं सासूचा पंजा हातात घेतला. बोटं जांभळी पडली होती, गार लागत होती.

"याडी, हे बोट हालव."

भिकाबाईनं हालवलं. म्हणजे तिला वाटलं, हालवलं. बोट होतं तिथंच होतं.

मग मात्र शिलानं सासूचं काही ऐकलं नाही. हात ओढणीत बांधला, रानातून डबे न्यायला आलेल्या शेजारच्या पोराच्या मोटारसायकलवर तिला मधे घेऊन सडकेला आली आणि मिळाली त्या जीपमध्ये चढली. कळमनुरीत हाडाचा एक खाजगी दवाखाना होता. वाटेत प्रत्येक खड्ड्याला भिकाबाईच्या डोळ्यांपुढं काजवे चमकत होते, पण ती हाताबद्दल एक शब्द बोलली नाही. ती एकच विचारत होती, "किती वाजले?" आणि शिला मोबाइलमध्ये बघून सांगायची. साडेदहा. पावणेअकरा.

डॉक्टर तरुण होता. त्यानं हाताचा एक्स-रे फोटो काढायला लावला, फोटो उजेडात धरला, मग बोटांची नखं दाबून बघितली. दाबलेलं नख पांढरं झालं ते पांढरंच राहिलं.

"आजी, हाड मोडलंय ते आपण बसवू. पण ह्या बांगड्यांनी सूज आवळून धरलीय. रक्त खाली उतरत नाही. ह्या आत्ता काढाव्या लागतील. किती वाजता पडल्या?"

"आठाला," शिला म्हणाली.

"आठला? आणि आत्ता येताय?" डॉक्टर चिडला, पण आवाज खालीच ठेवला. "अजून तासभर असंच राहिलं तर पंजा वाचेल का, मी सांगू शकत नाही."

भिकाबाईनं मान हलवली. "न्हाई. खालच्या काढा. कोपराच्या वरच्यांला हात न्हाई लावायचा."

"वरच्याच जास्त आवळल्यात." डॉक्टरनं काखेजवळच्या बलियेवर नखानं टकटक केलं. प्लास्टिकचा आवाज वेगळा, आणि हा वेगळा. तो वाकून बघू लागला. "हे काय आहे?"

"पल्लास्टिक," शिला इतक्या घाईनं म्हणाली, की ते खोटं आहे हे भिंतीलाही कळलं असतं.

डॉक्टरनं तिच्याकडं बघितलं. तिला वाटलं, आता हा टेबलावरचा फोन उचलेल. आता कुणी तरी येईल, कागद मागेल, याडीला ह्याच फेटियावर, ह्याच मोडक्या हातानिशी गाडीत घालून नेईल. "साहेब," ती पुटपुटली, "लई जुन्या हायत. आमी इकत न्हाई, काई न्हाई. सासूच्या सासूपासून..."

"बाई, मी हात बघतोय," डॉक्टर म्हणाला. "मला हात वाचवू द्या. पाच मिनिटांत मला सांगा." आणि तो बाहेर गेला.

पाच मिनिटं. शिलानं दिपकला फोन लावला. घंटी वाजत राहिली. दुसऱ्यांदा लावला, तर फोन बंद. साडेअकरा होत आले होते. भिकाबाईला कळलं, फोन बंद म्हणजे आत नेलं. आत फोन चालत नाही, हे तिला परवाच दिपकनं सांगितलं होतं.

"आत नेलं गं त्यांला," ती म्हणाली.

शिलानं तिला जवळ घेतलं. "याडी, एकच हात मोकळा करायचा हाय. डाव्या दंडात सगळा चुडा तसाच राहतो की."

भिकाबाई हादरून तिच्याकडं बघायला लागली. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. नवरा मेला की दोन्ही हात उतरतात. नवरा जिवंत असला की दोन्ही हात भरलेले. पण एक भरलेला आणि एक मोकळा, हे काय झालं? हे तर कुणी कधी केलंच नव्हतं. असं केलं तर काय होतं, हे विचारावं तरी कुणाला? तिला ती मोबाइलमधली बाहुली आठवली. एक हात गच्च, एक हात जवळपास उघडा, आणि काहून ते कुणालाच माहीत नाही. अर्धा मरतो का नवरा? तिकडं खाटेवर अर्धं अंग लुळं पडतं का? ह्या विचारापुढं हाताची कळ काहीच नव्हती.

पण त्याच वेळी तिनं आपल्या पंजाकडं बघितलं. तो तिचा वाटतच नव्हता. मेलेल्या माणसाचा वाटत होता. ह्याच हातानं तिनं पन्नास वर्षं भाकऱ्या थापल्या, खुरपणी केली, काचळीवर आरसे लावले. पाचातली दोन लेकरं पुरली आणि तीन वाढवली. तिला एकाएकी वाटलं, की उद्या नवरा घरी आला, आणि पाणी द्यायला आपल्याला हातच नसला तर?

"बोलाव डाक्टरला," ती म्हणाली. "पन मला बघायचं न्हाई."

प्लास्टर घालणारा माणूस रत्नपाल म्हणून होता. चाळिशीचा, हळू बोलणारा. वरच्या दोन सोडून बाकी सगळ्या प्लास्टिकच्या बलिया त्यानं कातरीनं पटापट उडवल्या. मग त्यानं प्लास्टर कापायची मशीन हातात घेतली, तिचं गोल पातं भिकाबाईला दाखवलं, चालू केली आणि ते पातं सरळ आपल्या तळहाताला लावलं.

भिकाबाई ओरडली.

"काई होत न्हाई मावशी. हे फिरत न्हाई, नुसतं थरथरतं. कडक असल तेच कापतं. कातडीला काई करत न्हाई. बघा." तळहातावर ओरखडासुद्धा नव्हता. त्यानं बलिया आणि दंड ह्यांच्या मधे स्टीलची एक पातळ पट्टी सरकवली आणि थांबला. वाकून बराच वेळ नक्षीकडं बघत राहिला.

"मावशी, ही नक्षी कुठून सुरू होते?"

"काहून?"

"मधून कापली तर जिवावर येतं. कारागिरानं कुठं तरी सुरुवात केली असल, तिथंच येऊन संपवली असल. तिथून कापतो."

भिकाबाईला ते ठाऊक होतं. पन्नास वर्षं रोज आंघोळीला त्या नक्षीवरून तिचं बोट फिरत होतं. काखेकडच्या बाजूला एके ठिकाणी कारागिराचा हिशेब चुकला होता. फिरून जागेवर आला तेव्हा गोल मावेना, म्हणून त्यानं दोन लहान लहान गोल दाटीवाटीनं बसवले होते, आणि लाखही दोन्हींत तांबडीच पडली होती. ती जागा तिनं कधी कुणाला दाखवली नव्हती. तिला त्या न बघितलेल्या माणसाची लाज राखावीशी वाटायची.

"मागल्या अंगाला," ती हळूच म्हणाली. "दोन तांबडे शेजारी शेजारी हायत, तिथं."

रत्नपालनं बलिया फिरवायला बघितली. ती फिरेना. त्यानं तिचा दंड अलगद वळवला. भिकाबाईनं ओठ चावला. "घावली," तो म्हणाला. "मोठा गुणी माणूस. चूक केली ती पन झाकून."

मशीन सुरू झाली. आवाज दाढेत घुसत होता. आणि मग वास आला, दाढ कोरताना यावा तसा जळका, हाडाचा, धुराचा.  भिकाबाईला त्या वासात सरण दिसलं. तिनं डावा हात, भरलेला हात, छातीशी गच्च धरला आणि नवऱ्याचं नाव, जे तिनं आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं, ते मनातल्या मनात घ्यायला सुरुवात केली. भीमसिंग. भीमसिंग. भीमसिंग.

तेवढ्यात शिलाचा फोन वाजला.

शिला फोन घेऊन बाहेर पळाली. दाराला काच होती. काचेतून भिकाबाईला सुनेची पाठ दिसत होती. शिला काही बोलत नव्हती, नुसती ऐकत होती. मग तिनं कपाळाला हात लावला. मशीनचा आवाज थांबला, ताण देताच बलिया समोरच्या अंगालाही कट्‌कन मोडून सुटली, आणि त्याच क्षणी बाहेर शिलाची पाठ खाली वाकली.

"गेला," भिकाबाई म्हणाली. "गेला माजा धनी."

"कोन गेलं?" रत्नपालनं विचारलं.

शिला आत आली. तिचे डोळे लाल होते. "कंपनीचा फोन व्हता. गाणं लावा म्हनून राहिली व्हती मेली, फोनवर." आणि ती भिंतीला टेकून मटकन खाली बसली.

कुणी हसलं नाही. दुसरी बलिया कापायला पहिलीपेक्षा जास्त वेळ लागला. मग दोन्हींचे मिळून चार अर्ध्या चंद्रांसारखे तुकडे रत्नपालनं पुसले, जुळवून जुळवून ठेवले आणि कापसात गुंडाळून शिलाच्या हातात दिले. हळू आवाजात म्हणाला, "पिशवीत तळाला ठेवा." तेवढंच. डॉक्टरनं कागदावर काय लिहिलं ते नंतर बाळापूरला शिलानं एका मास्तरकडून वाचून घेतलं. लिहिलं होतं, बांगड्या कापून काढल्या. कशाच्या, ते लिहिलं नव्हतं.

पंजाला रंग यायला अर्धा तास लागला. आधी मुंग्या आल्या, मग आग झाली, आणि मग ती नखं पुन्हा माणसाची झाली. डॉक्टरनं हाड बसवलं, कच्चं प्लास्टर घातलं. भिकाबाईनं एकदाच दंडाकडं बघितलं. बलियांखालची कातडी लहान लेकराच्या पोटासारखी गोरी होती. तिनं घाईघाईनं ओढणी ओढून घेतली, जणू परक्या माणसांत कुणी तिला उघडं केलं होतं.

दिपकचा फोन तीन वाजता लागला.

"बा कसा हाय?" शिलानं आधी तेच विचारलं.

"बसून राहिला. केळ खाऊन राहिला."

"अन् तार?"

"आज न्हाई झालं. सकाळपासून नंबरच आला न्हाई. मोठे डॉक्टर उद्या येनार. माज्या फोनची चार्जिंग संपली म्हनून बंद पडला. काहून, काय झालं?"

शिलानं ते सासूला सांगितलं. तिला वाटलं, सासूला हायसं वाटेल. पण भिकाबाईचं तोंड आणखीच पडलं. म्हणजे अजून काही झालंच नव्हतं. ज्या घटकेची तिनं सकाळपासून धास्ती घेतली ती घटका उद्यावर गेली होती, आणि उद्या तिचा उजवा दंड उघडा असणार होता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं दोघी नांदेडला निघाल्या. वारंगा फाट्याला गाडी थांबली, तेव्हा खिडकीशी बांगड्यांचं दुकान दिसलं. भिकाबाई उठू लागली. पांढऱ्या प्लास्टिकच्या दोन घेते म्हणाली. शिलानं प्लास्टरला हात लावून दाखवलं. ह्याच्यावरून कोणती बांगडी चढणार होती? भिकाबाई पुन्हा खाली बसली आणि सगळी वाट प्लास्टर ओढणीखाली लपवत राहिली.

भीमसिंग खाटेवर हिरवा कपडा घालून तयार बसला होता. पागोटं काढलेलं, त्यामुळं डोकं एवढंसं दिसत होतं. त्याला अकराला नेणार होते. त्यानं बायकोचा हात बघितला. "मोडला?"

"व्हय."

"अन् बलिया?"

भिकाबाई खाली बघू लागली. "कापल्या. तुमच्या याडीनं दिलेल्या दोन्ही कापल्या. मी न्हाई म्हनत व्हते. मला माफी करा. तुमचं काई बरं-वाईट झालं तर..." ती त्या खाटेच्या लोखंडी पायाला धरून खाली बसली.

 भीमसिंगलाही आत जायची भीती वाटत होती. मग त्यानं दिपकला म्हटलं, "जा, चहा पिऊन या दोघं." ते गेल्यावर तो वाकून बायकोच्या कानाशी आला.

"तुला एक सांगतो. याडीनं मरताना मला सांगितलेलं, अन् कुनाला सांगू नको म्हनली व्हती. रझाकारांच्या साली तांड्यावर धाड येनार म्हनून कळलं. बायांनी अंगावरचं सगळं उतरवलं अन् जमिनीत पुरलं. चांदी पुरली, बलिया पुरल्या. याडीच्या ह्या दोन निघत नव्हत्या. चरबी लावून, कातडी सोलून काढल्या. महिनाभर सगळ्या तांड्याच्या बाया मोकळ्या हातानं रानात लपून राहिल्या."

"महिनाभर?"

"महिनाभर. अन् माजा बा जित्ता व्हता तवा. रानात याडीच्या बाजूला बसून व्हता. मागून उकरून काढल्या, तर ह्या दोन परत हाताच्या वर चढेनात. पोरपनी चढवल्या व्हत्या, आता हात रुंद झाला व्हता. म्हनून पेटीत पडल्या, अन् मग तुला आल्या. याडीनं त्या जागी शिंगाच्या घातल्या अन् कुनाला बोलली न्हाई. लाज वाटायची तिला. बा तर पुढं पंचवीस-तीस साल जगला. तुज्या लग्नात नाचला की."

भिकाबाईला सासरा आठवला. लग्नात त्यानं खरंच काठी डोक्यावर धरून नाच केला होता. आणि सासू आठवली, जी सुनेची एक बलिया तडकली तर आठ दिवस अबोला धरायची.

"मंग मला का न्हाई सांगितलं कदी?"

"मलाच भ्या वाटायचं," भीमसिंग म्हणाला. "वाटायचं, सांगितलं अन् तू उतरवल्यास, अन् मला काई झालं तर?"

 तेवढ्यात वॉर्डबॉय ढकलगाडी घेऊन आला. भीमसिंगला तिच्यावर निजवलं. जाता जाता त्यानं बायकोचा प्लास्टरमधून बाहेर आलेला पंजा धरला, चार माणसांत, जे त्यानं कधी केलं नव्हतं. बोटं ऊन होती. मग दार बंद झालं.

सासूची गोष्ट ऐकून भिकाबाईची भीती गेली असं म्हणता येणार नाही. दारावरचा लाल दिवा लागला. तिनं डाव्या दंडातल्या बलिया एकेक करून मोजल्या. मोजून झाल्या की पुन्हा पहिलीपासून. मधेच कुण्या दुसऱ्याच माणसाला पांढऱ्या चादरीखाली बाहेर आणलं आणि त्याची माणसं हंबरडा फोडून रडू लागली, तेव्हा ती उठून उभी राहिली, शिलानं तिला धरलं. "आपला न्हाई याडी. आपला न्हाई." सव्वा तास झाला. दीड तास झाला. दिपक दाराशी जाई, परत येई.

मग दार उघडलं. गाडीवर भीमसिंग होता. चेहरा उघडा होता, आणि डोळेही. सिस्टरनं सांगितलं, दोन नळ्या बंद होत्या, दोन स्प्रिंगा बसवल्या, माणूस ठीक आहे, पण पाय हलवू देऊ नका. भीमसिंगनं ओठांवरून जीभ फिरवली आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "चहा भेटल का?"

"अजिबात नाही," सिस्टर म्हणाली.

दिपक हसला, शिला हसली, सिस्टरसुद्धा हसली. भिकाबाईही हसायला गेली. ती तिथं फरशीवर बसली आणि तिचं सगळं अंग लटलट कापायला लागलं. काल पडली तेव्हा नाही, मशीन लागली तेव्हाही नाही, असं. काचळीचे आरसे वाजत होते. सिस्टरनं पाणी आणलं, कुणी पंखा वळवला, कुणी विचारलं, काय झालं हो ह्यांना?

"काई न्हाई," शिला तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली. "काई झालं न्हाई त्यांला. कापू द्या. दोन दिवसांचं भ्या हाय, जाईल हळूहळू."